विनोद : एक संरक्षण यंत्रणा

अवघड, लाजिरवाण्या, भीतिदायक किंवा दुःखद प्रसंगी मनावर येणारा ताण विनोदाच्या आधाराने सुसह्य करून घेण्याची मनाची रीत. मुलाखतीत आधीची नोकरी का सुटली असे विचारले गेले, नातेवाइकांच्या गोतावळ्यात लग्नाचा विषय निघाला किंवा डॉक्टरांनी तपासणीचा अहवाल समोर ठेवला, की पुष्कळ माणसे उत्तर देण्याआधी एखादी कोटी करून मोकळी होतात. प्रकृतीची चौकशी होताच ‘मला काय धाड भरली आहे?’ म्हणून विषय हसण्यावारी नेणारे वडीलधारे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत असतात. यामागे दर वेळी ठरवून केलेला बेत नसतो. शब्द तोंडून निघून जातात आणि ते का निघाले हे बोलणाऱ्यालाही मागाहूनच उमगते. म्हणूनच मानसशास्त्रात विनोदाचा विचार केवळ करमणूक म्हणून न होता संरक्षण यंत्रणा, म्हणजे असह्य भावनांपासून मनाचा बहुधा नकळत बचाव करणारी रीत, म्हणूनही होतो.

या विचाराचा पाया मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने घातला. 1905 साली विनोद आणि अबोध मन यांच्या संबंधावर लिहिलेल्या ग्रंथात त्याने असे मांडले की, राग, करुणा किंवा वेदना उत्पन्न व्हावी अशा प्रसंगी ती भावना पुरती उसळण्याआधीच माणूस तिचा खर्च वाचवतो आणि वाचलेली ही ऊर्जा हास्यातून बाहेर पडते. सोमवारी फाशी जाणारा कैदी वधस्तंभाकडे चालता चालता ‘आठवड्याची सुरुवात तर छान झाली’ असे म्हणतो, हे त्याचे आवडते उदाहरण. 1927 साली त्याने याच विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला आणि इन्सब्रुक येथील मनोविश्लेषण परिषदेत तो त्याची कन्या ॲना फ्रॉइड हिने वाचून दाखवला. एरवी कठोर न्यायाधीशासारखा वागणारा पराहम् (मनातला नैतिक बंधने घालणारा भाग) अशा क्षणी भेदरलेल्या अहम्‌ला (माणसाच्या जाणिवेतल्या ‘मी’ला) जवळ घेतो आणि हे जग वाटते तितके भयंकर नाही अशी समजूत घालतो, अशी मांडणी या निबंधात आहे. फ्रॉइडच्या एकंदर लेखनात पराहम् इतका मायाळू क्वचितच दिसतो.

इतर संरक्षण यंत्रणांहून विनोद वेगळा का, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट याने दिले. हार्वर्ड विद्यापीठातील 268 विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा 1938 पासून सुरू झालेला दीर्घ अभ्यास त्याने पुढे चालवला आणि 1977 साली संरक्षण यंत्रणांची चार पातळ्यांत विभागणी मांडली. सर्वांत वरच्या, परिपक्व पातळीवर त्याने परोपकार, उदात्तीकरण (अस्वीकार्य ऊर्मीला समाजमान्य कामाकडे वळवणे), जाणीवपूर्वक संयम आणि येऊ घातलेल्या संकटाची आगाऊ मानसिक तयारी यांच्या जोडीला विनोदाला स्थान दिले. नकार या यंत्रणेत माणूस घडलेली गोष्ट मानतच नाही आणि प्रक्षेपणात तिचा दोष दुसऱ्यावर ढकलतो. विनोदात मात्र दुखरी गोष्ट डोळ्यांसमोरच राहते, फक्त तिच्याकडे पाहणे शक्य होते. नुसती चतुराईची कोटी व्हेलंट यात धरत नाही, कारण ती लक्ष दुसरीकडे वळवते. हा भेद मोलाचा आहे, कारण व्यवहारात दोन्हींना हशा सारखाच मिळतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीतही विनोदाची नोंद उच्च समायोजनाच्या पातळीवर झाली.

घाबरून आलेले हसू म्हणजे विनोद नव्हे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम याने अमेरिकेतील येल विद्यापीठात केलेल्या आज्ञापालनाच्या प्रयोगात, दुसऱ्या व्यक्तीला विजेचे झटके द्यायचे आहेत अशी समजूत करून दिलेल्या 40 जणांपैकी 14 जण अस्वस्थपणे हसू लागल्याची नोंद त्याच्या 1963 सालच्या निबंधात आहे. तिघांना तर ते हसू आवरेना. त्यांना मौज वाटत नव्हती आणि कोणी काही गमतीचे बोललेही नव्हते. शरीराने ताणाला वाट करून दिली, एवढाच त्या हसण्याचा अर्थ. विनोदात याखेरीज प्रसंगाकडे पाहण्याची नवी दृष्टी लागते.

ती दृष्टी किती टोकाच्या परिस्थितीत टिकू शकते, हे व्हिएन्नाचा मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल याने नाझी छळछावणीतून सुटल्यावर 1946 साली लिहून ठेवले. सुटकेनंतर काय घडेल याविषयी रोज निदान एक तरी गमतीची गोष्ट रचायची, असा नेम त्याने बांधकामावर शेजारी राबणाऱ्या एका सहकाऱ्याला घालून दिला होता. छावणीत सूप वाढताना पळी तळापर्यंत गेली तरच वाटाण्याचे चार दाणे वाट्याला येत. त्यावरून, पुढे कधी आपण मेजवानीला जाऊ आणि सवयीने यजमानीणबाईंना ‘जरा तळातून वाढा’ अशी गयावया करू, अशी कल्पना ते करीत. भूक या गोष्टीत जशीच्या तशी आहे. फक्त ती आठवण म्हणून सांगता येण्याजोगा दिवस उगवणार आहे, हे गृहीत धरलेले आहे.

मराठी लोकपरंपरेत या यंत्रणेचे सर्वांत बोलके रूप भोंडल्याच्या किंवा हादग्याच्या गाण्यांत आढळते. आश्विनात पाटावर हत्तीचे चित्र मांडून मुली फेर धरतात आणि गाणी म्हणतात. त्यांतली बरीच गाणी सासरच्या जाचाची आहेत. माहेरी जाऊ मागणाऱ्या सुनेला सासू आधी कारल्याचा वेल लावायला सांगते, मग त्याला फूल येऊ दे, कारले लागू दे, भाजी होऊ दे असे करीत परवानगी पुढे पुढे ढकलत राहते. दुसऱ्या एका गाण्यात वेड्या नवऱ्याची बायको आपल्या नशिबाला बोल लावते : तो करंज्या होड्या समजून पाण्यात सोडतो, लाडू चेंडू समजून खेळायला घेतो. मुली खिदळत असतानाच अनेक ठिकाणच्या पाठांत शेवटचे कडवे येते. त्यात झोपलेली बायको मेली असे समजून तो तिला जाळून टाकतो. गाण्याची चाल आणि हसू यांत मात्र खंड पडत नाही. ज्या काळात मुलींची लग्ने कोवळ्या वयात होत आणि सासरविषयी उघड तक्रार करणे अशक्य असे, त्या काळात ही भीती फेरात उभे राहून मोठ्याने म्हणता येत होती. गाणे परंपरेचे आणि फेर सगळ्यांचा, त्यामुळे एकीलाच कोणी जाब विचारू शकत नसे. खिरापत वाटून झाल्यावर मुली ज्या घरी परतत ते घर बदललेले नसे. हे सांगितल्याशिवाय या गाण्यांचे कौतुक पुरे होत नाही.

विनोद कोणी, कोणावर आणि कोणासमोर करावा, हे सत्तेच्या उतरंडीवर ठरते. समाजशास्त्रज्ञ रोझ लाउब कोझर हिने एका मनोरुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या बैठकांचा अभ्यास 1960 साली प्रसिद्ध केला. वरिष्ठ डॉक्टर कनिष्ठांची थट्टा करीत, कनिष्ठ मात्र रुग्णांची किंवा स्वतःची करीत आणि समोर बसलेल्या वरिष्ठाच्या वाटेला कोणी जात नसे. सत्तेपुढे असहाय असलेल्यांना यातून मार्ग उरतो तो स्वतःवरच हसण्याचा. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2003 साली 32 विधानांची प्रश्नावली तयार करून विनोदाच्या चार शैली मांडल्या : इतरांना जोडणारी, स्वतःला सावरणारी, आक्रमक आणि आत्मघातकी. चौथ्या शैलीचा माणूस इतरांनी स्वीकारावे म्हणून स्वतःचे हसे करून घेतो. वर्गात वजनावरून किंवा बोलीवरून चिडवला जाणारा मुलगा, दुसऱ्यांनी बोलण्याआधी आपणच बोललेले बरे म्हणून, नेमक्या याच वाटेने जातो आणि पुढे तोच त्याचा स्वभाव समजला जातो. असा मुलगा गमत्या म्हणून लोकप्रिय असतो, म्हणून त्याची जखम शिक्षकांच्या आणि घरच्यांच्या नजरेतून सहज निसटते.

मानसशास्त्रज्ञ डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो यांच्या 1997 सालच्या अभ्यासात जोडीदाराच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी त्याच्याविषयी बोलताना मनापासून हसलेल्या व्यक्तींना कमी त्रास जाणवत असल्याचे दिसले. परंतु हसल्यामुळे त्रास घटला की त्रास कमी असल्यामुळे हसू आले, हे अशा अभ्यासातून ठरत नाही.

मानसोपचारात रुग्णाचा विनोद हिरावून घेतला जात नाही, कारण अनेकदा रुग्ण त्याच्याच आधाराने खोलीत बसलेला असतो. जाणता समुपदेशक हसू येऊ देतो, त्या हसण्यात सामील होतो आणि मग विनोदाच्या आधी अर्धवट सोडलेल्या वाक्याकडे हळूच परत येतो. रुग्ण त्यावर बोलू लागला तर विनोदाने त्याला तिथवर आणून सोडलेले असते. तो दर वेळी नवी कोटी करू लागला तर तिच्याआड अजून काहीतरी दडलेले आहे असे समुपदेशक समजतो आणि पुढच्या भेटीपर्यंत थांबतो.