ट्रेलरवरचा लोखंडी माल जागचा हलू नये म्हणून

कळंबोली, तळोजा किंवा दारूखान्यातून माल भरताना आमची माणसं क्रेन सुटल्यावरही ट्रेलर लगेच हलवत नाहीत. तो वेळ कशात जातो आणि त्यात आपली, म्हणजे माल पाठवणाऱ्या आणि उतरवून घेणाऱ्या ग्राहकांची, मदत कुठे लागते, ते इथे दिलं आहे.

माल बेल्टने धरून ठेवला जातो, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. मालावरून आडवा टाकलेला बेल्ट माल फक्त खाली दाबतो. माल जागेवर राहतो तो घर्षणामुळे. करकचून ब्रेक लागला तर वजनाच्या ०.८ पट जोर केबिनच्या दिशेने लागतो, असं धरून हिशेब करतात. वळणावर बाजूला ०.५ पट.

समजा, १० टन प्लेटा थेट लोखंडी फ्लोअरवर ठेवल्या. पुढचा जोर ८ टन. लोखंडावर लोखंड असेल तर घर्षणांक ०.२, म्हणजे घर्षण पेलणार २ टन, उरले ६. हाताने आवळलेल्या ५० मिमीच्या साध्या रॅचेट बेल्टमध्ये (दांड्याच्या खटक्याने आवळायचा पट्टा) ताण येतो साधारण ३०० किलो. दोन बाजू मिळून दाब ६०० किलो, आणि त्यातून मिळणारं घर्षण फक्त १२० किलो. म्हणजे बेल्ट लागतील पन्नास! त्याच प्लेटांखाली रबर मॅट घातली की घर्षणांक ०.६ होतो, उरतात २ टन, आणि सहा बेल्टमध्ये काम होतं. हाही किमान आकडा. सुरक्षेसाठी वर आणखी दोन-तीन टाकावे लागतात.

‘बेल्टवर तर ५ टन लिहिलंय’ असं ग्राहक म्हणतात. तो आकडा बेल्ट किती सोसतो त्याचा आहे. आवळल्यावर किती दाबतो त्याचा नाही. शिवाय बेल्ट फ्लोअरशी ३० अंशांत उतरत असेल तर दाब निम्माच मिळतो. प्लेटांचा थर बुटका असला की नेमकं हेच होतं.

आणखी एक चूक वारंवार दिसते. मॅट फक्त तळाशी घालतात आणि वर प्लेटवर प्लेट रचतात. मग खालची प्लेट जागेवर राहते आणि वरच्या सुरीसारख्या केबिनकडे सरकतात. म्हणून प्रत्येक थरामध्ये मॅट हवी. लाकडी ठोकळे घातले तर ते एकाच्या वर एक, सरळ रेषेत हवेत. पुढे-मागे झाले तर प्लेट वाकते आणि बेल्ट ढिला पडतो. प्लेटेच्या धारेवर कोपरा-गार्ड नसेल तर ताणलेला बेल्ट धक्क्यागणिक कापला जातो. चिरलेला किंवा गाठ मारलेला बेल्ट आम्ही वापरत नाही.

कॉइलला (गुंडाळलेल्या पत्र्याच्या जड रोलला) बेल्ट पुरत नाही, साखळीच लागते. कॉइल दोन जाड ओंडक्यांच्या खाचेत अशी बसवायची की तिचा तळ फ्लोअरपासून किमान २० मिमी वर राहील. तळ टेकला तर वजन ओंडक्यांवर येत नाही आणि कॉइल डोलते. दोन्ही ओंडके एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेले हवेत, नाहीतर वजनाने ते फाकतात. नुसत्या सुट्या पाचरींवर कॉइल नेऊ नये. २० टनी कॉइल, प्रत्येक अॅक्सलवर किती वजन यावं या हिशेबामुळे, केबिनमागच्या भिंतीला टेकवता येत नाही, म्हणून साखळ्या तिच्या डोळ्यातून (मधल्या भोकातून), दोन पुढे आणि दोन मागे. पुढे सरकू न देणारी साखळी ती, जी कॉइलपासून *मागे* जाते. हे उलटं समजलं जातं. १० मिमी, ग्रेड ८० साखळीची बांधण्याची क्षमता सुमारे ६.३ टन असते. तिच्यात मधेच बोल्ट घालून जोड दिला की क्षमता त्या बोल्टाएवढीच उरते.

सळई १२ मीटरची आणि ४० फुटी ट्रेलर १२.१९ मीटरचा, म्हणजे मोकळी जागा जेमतेम १९ सेंमी. बंडलांची टोकं एका रेषेत लावूनच द्यावीत. मागे बाहेर आलेल्या सळया नेणं बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये दंड होतो आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा.

पावसाळ्यात चिखल आणि तेल लागलेली मॅट निकामी समजावी. फ्लोअर झाडून, पुसून घ्यायला आम्हाला दहा मिनिटं द्या. निघाल्यावर लाकूड दबतं, बेल्ट सैलावतात. म्हणून पुण्याकडची गाडी बोरघाट चढण्याआधी अधिकृत थांब्यावर थांबवून सगळं पुन्हा आवळतो.

लोडिंगच्या आधी आम्हाला एवढं कळवा: नगाचं वजन, लांबी-रुंदी आणि पृष्ठभाग तेलकट आहे का. प्लेटेचं वजन काढणं सोपं आहे: दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे ७.८५ किलो.

उतरवताना कॉइल किंवा पाइप वाटेत एका बाजूला सरकलेले असू शकतात. हायड्राने (फिरत्या क्रेनने) कॉइलचा भार आधी थोडा उचलून धरावा, मगच साखळी सोडावी. पाइपांना दोन्ही बाजूंनी खुंट किंवा पाचरी असल्याची खात्री करूनच बेल्ट सोडावा, आणि त्या वेळी ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूला आपला एकही माणूस उभा नसावा.