महूकडे प्लॉट घेताय? पाया खणण्याआधी फायरिंग रेंजची चौकशी अशी करा

मावसभाऊ इंदूरजवळच्या महू या लष्करी छावणीच्या पुढे प्लॉट बघायला गेला, तर शेजारच्या ओसरीत दार अडवायला तोफगोळ्याचं पितळी टरफल! "रेंजवरचं आहे," घरमालक चहा ओतता ओतता म्हणाला. भावाने त्या दिवशी इसार दिला नाही, हे बरं केलं.

बांधकाम परवानगीला रजिस्ट्री, खसरा (म्हणजे जमिनीचा सर्वे नंबर), डायव्हर्शन (म्हणजे बिगरशेती वापराची नोंद), नकाशा सगळं मागतात. जमिनीत जुना गोळा नाही, असा दाखला कोणी मागत नाही. चौकशी आपणच करायची.

लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाचं क्षेत्र, म्हणजेच फायरिंग रेंज, राज्य सरकार 1938 च्या फील्ड फायरिंग कायद्याखाली राजपत्रात अधिसूचित करतं. आपला खसरा त्यात आहे किंवा होता का, हे माहिती अधिकारात विचारा. अर्ज कोणीही भारतीय नागरिक करू शकतो. जमीन नावावर नसली तरी चालतं, कारणही सांगावं लागत नाही. सोबत खसऱ्याची नक्कल आणि पटवाऱ्याकडचा (तलाठ्याकडचा) नकाशा जोडा, फी 10 रुपये. अर्ज कलेक्टर कार्यालयाच्या लोकसूचना अधिकाऱ्याच्या नावे. "धोका आहे का?" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही, अधिसूचनेची प्रत, खसऱ्यांची यादी आणि मुदत मागा. माहिती दुसऱ्या खात्याकडे असेल तर अर्ज 5 दिवसांत तिकडे पाठवणं त्यांचं काम. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

खसरा यादीत निघाला, तर तपासणीसाठी कलेक्टरांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भाड्याचा मेटल डिटेक्टर फिरवून समाधान मानू नका. न फुटलेला गोळा भिजल्या काळ्या मातीत खोल रुततो. मॅग्नेटोमीटर लोखंड ओळखतो खरा, पण अंतर दुप्पट झालं की खूण आठपट क्षीण होते. म्हणून जर्मनीत पायाचे खांब (पाइल) ठोकण्याआधी ठरावीक अंतरावर बोअर घेऊन, प्लॅस्टिकच्या नळीतून यंत्र खाली सोडतात. आपल्याकडे आणखी एक पंचाईत: माळव्याचा काळा दगड (बेसॉल्ट) स्वतःच चुंबकीय, त्यामुळे यंत्र उगाच बोलतं, आणि ओल्या चिकणमातीत जमिनीखालचं शोधणाऱ्या रडारच्या लहरी फार खोल जात नाहीत. सर्वे करणाऱ्याला बेसॉल्टचा अनुभव आहे का, हे आधी विचारा.

खणताना जेसीबीच्या दातांना गंजलेला गोल लोखंडी तुकडा लागला, तर मशीन तिथेच बंद करा, मजुरांना लांब न्या, 112 लावा. हलवायचा नाही, पाणी मारायचं नाही आणि भंगारवाल्याला तर हाकच मारायची नाही.