पेज (अ‍ॅरिझोना)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी अ‍ॅरिझोना राज्यातील एक लहान शहर. लोकसंख्या ७,४४० (२०२०). ते कोकोनीनो काउंटीत, यूटा राज्याच्या सीमेलगत, फ्लॅगस्टाफच्या उत्तरेस सुमारे २१५ किमी.वर आहे. मॅन्सन मेसा या सपाट माथ्याच्या टेकाडावर, सुमारे १,३१० मी. उंचीवर ते वसले असून पश्चिमेस कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरण, उत्तरेस धरणाचा जलाशय (लेक पॉवेल) आणि पूर्व-दक्षिणेस नाव्हाहो राष्ट्राची (नाव्हाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या स्वशासित प्रदेशाची) भूमी आहे. पाऊस वर्षाकाठी २० सेंमी.हूनही कमी.

स्थापनेचे वर्ष निरनिराळे दिले जाते. धरणाच्या कामगारांची वस्ती १९५७ मध्ये उभी राहू लागली. नाव्हाहोंकडून मेसा घेऊन मोबदल्यात यूटामधील मॅक्रॅकन मेसा देणारा कायदा १९५८ चा. नगर म्हणून कायदेशीर दर्जा मात्र १९७५ चा. वस्ती कायद्याची वाट पाहत बसली नव्हती, हे ध्यानात घेता १९५७ हेच वर्ष ग्राह्य मानणे बरे. प्रारंभी नुसते ‘सरकारी कँप’ म्हटल्या जाणाऱ्या या वस्तीला पुढे रेक्लमेशन या धरणे बांधणाऱ्या केंद्रीय खात्याचे एके काळचे आयुक्त जॉन सी. पेज यांचे नाव मिळाले. आखणी कागदावर आधी आणि माणसे मागून, अशा गावांचा ठसा येथे अजून दिसतो : मुख्य रस्त्याच्या एका भागात वेगवेगळ्या पंथांची चर्च शेजारी-शेजारी ओळीने उभी आहेत.

धरणाला १९५६ च्या कायद्याने मंजुरी मिळाली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर यांनी वॉशिंग्टनमध्ये तारयंत्राची कळ दाबली आणि येथे पहिला सुरुंग उडाला. तोवर घळईच्या एका काठावरून समोरच्या काठावर जायचे तर सुमारे ३२० किमी.चा वळसा पडे. १९५९ मध्ये पोलादी कमानपूल झाल्यावर तो वाचला. काँक्रीट ओतण्याचे काम १९६० ते १९६३ चालले. भिंतीची उंची २१६ मी. असून वीजक्षमता सुमारे १,३२० मेगॅवॉट आहे. १३ मार्च १९६३ रोजी पाणी अडवण्यास सुरुवात झाली, पण जलाशय पूर्ण पातळीला (१,१२८ मी.) पोहोचायला १९८० चा जून उजाडला. बुडण्यापूर्वी यूटा विद्यापीठ आणि म्यूझियम ऑफ नॉर्दर्न अ‍ॅरिझोना यांनी घळईतील पुरातत्त्वीय स्थळांची घाईघाईने पाहणी केली होती. दोमिंगेस व एस्कालान्ते या स्पॅनिश पाद्र्यांनी नोव्हेंबर १७७६ मध्ये जेथे नदी ओलांडली, तो उतारही आता पाण्याखाली आहे.

१९८३ च्या पुरात धरणाची खरी परीक्षा झाली. सांडव्याच्या बोगद्यांतून वेगाने धावणाऱ्या पाण्यात बुडबुडे निर्माण होऊन फुटत राहिले, त्याने अस्तर उखडले आणि डाव्या बोगद्यात सुमारे १० मी. खोल खड्डा पडला. पाणी सांडव्यात शिरू नये म्हणून दरवाजांवर आधी चक्क प्लायवूडच्या फळ्या उभ्या केल्या गेल्या. नंतर त्यांच्या जागी पोलादी पत्रे आले. पुढे दुरुस्तीत बोगद्यांना हवा खेचणाऱ्या खाचा पाडण्यात आल्या.

परिसरातील तांबूस खडक म्हणजे नाव्हाहो वालुकाश्म. ज्युरासिकच्या पूर्वार्धातील एका अफाट वाळवंटाच्या वालुकागिरी येथे दगड होऊन राहिल्या; कड्यांवर तिरप्या रेघांचे थरावर थर दिसतात, ते त्या टेकड्यांचे वाऱ्याआडचे उतार. वय साधारण १९ ते १८ कोटी वर्षे सांगितले जात असे. अलीकडील यूरेनियम-शिसे कालमापनानुसार त्याचा काही भाग २० कोटी वर्षांच्या जवळ जातो. वाळूतील झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांच्या अभ्यासावरून यातील बरीच वाळू खंडाच्या पार दुसऱ्या टोकाच्या अ‍ॅपालॅचिअन पर्वतांतून नद्यांनी आणली असावी, असे मानतात.

वादाचा मुद्दा आहे तो नदीचा. शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे ६ किमी.वर हॉर्सशू बेंड येथे कोलोरॅडो घोड्याच्या नालासारखी वळते. असे सैल नागमोडी वळण मैदानी नदीला शोभते. येथे मात्र ते सुमारे ३०० मी. खोल खडकात कोरलेले आहे. जॉन वेस्ली पॉवेल (१८६९ मध्ये नदीमार्गे येथून गेलेले समन्वेषक, ग्लेन कॅन्यन हे नाव त्यांनीच दिलेले आणि जलाशयाला नाव त्यांचेच) यांनी या नदीप्रणालीला ‘पूर्ववर्ती’ मानले होते. म्हणजे नदी आधीची, भूमी सावकाश उचलली गेली आणि नदीने आपला मार्ग न सोडता ती कापली. करवत जागच्या जागी चालत राहावी आणि ओंडका खालून वर सरकावा तसे. ही कल्पना देखणी आहे आणि पाठ्यपुस्तकांत अजून टिकून आहे. पण ग्रँड कॅन्यनच्या पश्चिम मुखाशी असलेल्या मडी क्रीक निक्षेपांत (साचलेल्या गाळाच्या थरांत) सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीपर्यंत कोलोरॅडोचा मागमूस नाही. ग्रँड कॅन्यनचे काही भाग ७ कोटी वर्षे जुने मानणारेही अभ्यासक आहेत. त्या भागांपुरते ते खरे असू शकेल. मात्र आजची सलग नदी ५०–६० लाख वर्षांपूर्वी जुळली, तिची तलपातळी (नदी जेथवर खाली कापू शकते ती पातळी) एकाएकी खाली गेली आणि खननाची लाट मुखाकडून वर सरकत आली, हे मत पुराव्यांशी अधिक जुळते. ग्लेन कॅन्यनमधील नदीगाळाच्या मंचांचे कालमापनही खोदाईचा मोठा वाटा गेल्या काही लाख वर्षांतला असल्याचे सुचवते. वळणे जुनी, खोली नवी, असे म्हणता येईल.

शहराच्या पूर्वेकडील अँटिलोप कॅन्यन ही वरून फटीएवढी दिसणारी चिंचोळी घळ आहे (आकाराने सांदण दरीची आठवण यावी, पण ती बेसॉल्टमधली). तिच्या वरच्या भागाचे नाव त्से बिघानिलिनी म्हणजे खडकांतून पाणी वाहते ते ठिकाण. नाव शब्दशः खरे आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी कित्येक किमी. दूर कोसळलेल्या पावसाचा लोंढा खालच्या घळीत घुसून ११ पर्यटक दगावले. त्यानंतर तेथे घट्ट बसवलेले जिने, इशाऱ्याचा भोंगा, हवामान-रेडिओ आणि वरून सोडता येतील अशी जाळी आली. नाव्हाहो वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. उन्हाळ्यात माध्यान्हीच्या सुमारास वरच्या घळीत उन्हाचा झोत उतरतो; वाटाडे मूठभर वाळू उधळतात तेव्हा तो छायाचित्रात ठळक उमटतो.

शहराजवळचे नाव्हाहो औष्णिक वीजकेंद्र (२,२५० मेगॅवॉट) २०१९ मध्ये बंद झाले. तिन्ही उंच चिमण्या डिसेंबर २०२० मध्ये पाडण्यात आल्या. आता अर्थव्यवहार मुख्यतः पर्यटनावर चालतो आणि पर्यटन बऱ्याच अंशी पाण्याच्या पातळीवर. २०२३ च्या एप्रिलमध्ये ती सुमारे १,०७३ मी.पर्यंत उतरली, भरणीनंतरची तोवरची सर्वांत कमी; १,०६४ मी.च्या खाली वीजनिर्मिती थांबते. त्या काळात नावा उतरवण्याचे बहुतेक उतार पाण्यापासून तुटले होते. जुन्या पातळीची खूण म्हणून कड्यांवर क्षारांचा पांढरा पट्टा राहिला आहे. रेनबो ब्रिज या इंद्रधनुष्याकृती नैसर्गिक खडककमानीला बहुतेक लोक याच जलाशयातून नावेने जातात.

प्रवाशांची एक अडचण घड्याळाची. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात वेळ बदलत नाही, नाव्हाहो राष्ट्र व यूटा बदलतात. त्यामुळे हद्दीजवळ मोबाइल मनाला येईल तेव्हा तासभर पुढे जातो. अँटिलोपच्या सहली नाव्हाहो भूमीवर असूनही पेजच्या वेळेने निघतात.