अंडा सेल ते स्टेम सेल

पुण्यातलं कुठलंही मराठी वर्तमानपत्र चाळा. एखाद्या बातमीत येरवड्याचा अंडा सेल असतो, दुसरीत पोलिसांचा सायबर सेल, आरोग्याच्या पुरवणीत स्टेम सेल आणि जाहिरातीत लक्ष्मी रस्त्यावरचा साड्यांचा सेल. यातला साड्यांचा सेल परका. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग वेगळं, उच्चार वेगळा, कूळही वेगळं. देवनागरीत आल्यावर तो इतरांसारखा दिसू लागला, इतकंच. बाकीचे मात्र एकाच घरचे. लॅटिनमधल्या ‘लहान खोली’ अशा अर्थाच्या शब्दातून ते आले. भाज्याच्या लेण्यांतल्या भिक्षूंच्या खोल्यांनाही इंग्रजीत हाच शब्द वापरतात.

विज्ञानात तो आणला रॉबर्ट हूक यांनी. १६६५ साली त्यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्यांना रिकामे कप्पेच कप्पे दिसले. हूक यांना भिक्षूंच्या खोल्या आठवल्या असं सर्रास सांगितलं जातं, पण त्यांनी स्वतः तुलना केली ती मधाच्या पोळ्याशी. एका घन इंचात असे सव्वाशे कोटी कप्पे असतील, असा हिशेबही त्यांनी मांडला. गंमत अशी, की त्यांना दिसल्या त्या नुसत्या भिंती. आतला जिवंत ऐवज केव्हाच नाहीसा झाला होता. नाव पडलं ते भिंतींवरून आणि पुढे ते प्राण्यांच्या पेशींनाही चिकटलं. प्राण्यांच्या पेशीला तर तशी भिंतच नसते. असतं ते एक लवचीक पटल, मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाइतकं जाड. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या संग्रहातून देशभरच्या प्रयोगशाळांना माणसाच्या आणि प्राण्यांच्या पेशी पुरवल्या जातात. म्हणजे सगळ्या बिनभिंतीच्याच ‘खोल्या’!

आता घरातला सेल. टॉर्चला आपण बॅटरी म्हणतो आणि तिच्यात सेल घालतो. काही जण याला अशुद्ध म्हणतात. मला मात्र यातला सेल अगदी चोख वाटतो. एक सुटा घटक म्हणजे सेल आणि असे अनेक घटक जोडले की बॅटरी, हीच तर शास्त्रीय व्याख्या आहे. भिंतीवरच्या घड्याळातला बारका सेल आणि जुन्या टॉर्चमधला जाडजूड सेल, दोघांचाही दाब दीड व्होल्टच, कारण दाब ठरतो आतल्या रसायनांवरून. आकार वाढला की सेल जास्त काळ चालतो, जास्त प्रवाह देऊ शकतो, पण व्होल्ट वाढत नाहीत. ते वाढवायला सेल एकापुढे एक लावावे लागतात: टॉर्चमध्ये दोन लावले की तीन व्होल्ट. स्कूटरच्या बारा व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत सुमारे दोन व्होल्टचे सहा सेल असतात, प्रत्येक आपापल्या कप्प्यात.

सेलफोनमधला सेल तर निव्वळ नकाशावरचा. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग यांनी कल्पना मांडली, की शहराचे षटकोनी तुकडे पाडावेत आणि प्रत्येकाला कमी शक्तीचा मनोरा द्यावा. षटकोन एकमेकांना फट न ठेवता चिकटतात आणि वर्तुळाच्या जवळही जातात. संदेश दूरवर पोचत नसल्यामुळे पलीकडच्या तुकड्यात त्याच लहरी पुन्हा वापरता येतात. मोजक्या लहरींत लाखो फोन चालतात ते यामुळेच. स्वारगेटहून बोलत बोलत कात्रजला जाताना फोन अनेक सेल ओलांडतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

एका सेलमध्ये एका वेळी किती जण बोलू शकतील याला मात्र मर्यादा असते. विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात रेंज पूर्ण दिसते, तरी फोन लागत नाही, तो म्हणूनच. अशा वेळी मनोऱ्याची शक्ती वाढवून भागत नाही; गर्दीत आणखी छोटे मनोरे उभारून त्या एका सेलचे अनेक लहान सेल करावे लागतात.