बांडगुळाखालचं चुंबन

मराठीत ‘बांडगूळ’ ही शिवी आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला हासडायची. युरोपात मात्र आपल्या बांडगुळाच्या नात्यातल्या मिसलटोची जुडी नाताळात दारावर टांगतात आणि तिच्याखाली चुंबन घेतात.

हा मान त्याला हिवाळ्याने दिला. सफरचंदाची झाडं खराट्यासारखी उघडी पडतात, तेव्हा त्यांवर मिसलटोचे हिरवेगार गोळे लटकलेले दिसतात. मातीत मूळ नाही, पानगळ नाही, वर ऐन थंडीत मोत्यासारखी पांढरी फळं! पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की गॉलमधले (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधले) ड्रुइड पुरोहित चंद्राच्या सहाव्या दिवशी ओकवरचं मिसलटो सोन्याच्या विळ्याने कापत आणि पांढऱ्या वस्त्रात झेलत. सोन्याला इतकी धार टिकत नाही. विळा मुलाम्याचा असावा. ओकचा तपशील मात्र पटतो. सफरचंद, लिंडन, पॉप्लर यांवर मिसलटो भरपूर, ओकवर अगदी क्वचित, म्हणूनच त्याचं अप्रूप.

नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन, कथेत बाल्डर देवाचा जीव घेणारं शस्त्र मिसलटोचंच. ही कथा तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहून ठेवली गेली, आणि तिथे हे झुडूप उगवतच नाही. भाल्याजोगी सरळ काठी त्यातून निघणं अवघड, कारण डहाळीला दरवर्षी नवं बेचकं फुटतं. बेचकी मोजली की वयाचा अंदाज येतो.

चुंबनाची चाल त्यामानाने अलीकडची, अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधली. 1820 सालच्या एका वर्णनात नियमही आहे: दर चुंबनाला एक फळ तोडायचं, फळं संपली की हक्क संपला. (तोडलेलं फळ खायचं मात्र नाही, ते विषारी असतं.)

फळ चिरडलं तर बोटांमध्ये चिकट तार सुटते. याच गोंदामुळे बी फांदीला चिकटतं. मिसल थ्रश हा पक्षी फळ गिळतो आणि बी विष्ठेतून टाकतो. ब्लॅककॅप हा दुसरा पक्षी गर खातो आणि चोचीला चिकटलेलं बी सालीवर पुसतो.

हौशी लोक तेच हाताने करतात. नाताळच्या जुडीतली फळं बहुधा कच्ची असतात, त्यामुळे ती फुकट जातात. फेब्रुवारी-मार्चमधली ताजी, पिकलेली घ्यावीत. जुन्या सफरचंदाच्या जोमदार फांदीवर, मनगटाहून बारीक भागावर, बी दाबून चिकटवायचं. सालीला चीर पाडून आत खुपसलं तर ते रुजत नाही. हिरव्या बीला उजेड लागतो. पहिल्या वर्षी सालीकडे वाकलेला हिरवा कोंब तेवढा दिसतो, फळाला चार-पाच वर्षं तरी लागतात. बऱ्याचशा बिया पक्षी आणि गोगलगायी फस्त करतात. शिवाय नर-मादी झुडपं वेगळी आणि फळं फक्त मादीला, म्हणून एका झाडावर निदान वीसेक बिया लावतात.