सिलिंडरमधला वरचा पाचवा हिस्सा

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडच्या मोबाइलांवर तो संदेश यायचा तो येतोच: उन्हाळ्यात टाकी फुल्ल करू नका, पेट्रोल फुगून स्फोट होईल. खाली इंडियन ऑइलचं नाव. असं काही आपण सांगितलेलं नाही, हे कंपनीने जाहीर केलं, तरी संदेशाचं फिरणं थांबलेलं नाही. पारा ४५ च्या पुढे जातो तिथे माणसं घाबरणारच, पण हिशेब करायला काय हरकत आहे? पेट्रोल दर अंशाला हजारात साधारण एक भाग फुगतं. म्हणजे १० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर वाढ जेमतेम २०० मिलिलिटर. तेवढी जागा टाकी बनवतानाच वर सोडलेली असते. शिवाय ठिणगीशिवाय पेटायला पेट्रोलला अडीचशे अंशांच्या आसपास तापावं लागतं. नोझल आपोआप बंद पडल्यावर दाबून दाबून आणखी भरू नये, कारण वाफेच्या वाटेत पेट्रोल शिरतं. त्यात खरं एवढंच.

पण द्रवाच्या आत मुळात मोकळी जागा असते किती? शाळेच्या पुस्तकात तीन चौकटी असतात: घनात ठिपके चिकटलेले, द्रवात थोडे सुटे, वायूत विखुरलेले. पाहणाऱ्याचा समज होतो की द्रव म्हणजे घन आणि वायू यांच्या बरोबर मधली अवस्था. हा समज चुकीचा आहे. बरेच पदार्थ वितळताना साधारण पाच ते पंधरा टक्केच फुगतात. अरगॉनसारखा साधा पदार्थ उणे १८९ अंशांना वितळतो, तेव्हा त्याचं आकारमान सुमारे १४ टक्के वाढतं. एका अणूला आधी १२ शेजारी खेटून होते, ते सरासरी दहा-अकरा उरतात, बस. बर्फ तर उलटाच: वितळला की आठ टक्के आकसतो, कारण बर्फात प्रत्येक रेणूला चारच शेजारी असतात आणि मधे पोकळ्या राहतात.

मग घन आणि द्रव यांत फरक कसला? रचनेचा. हे घरी मोजता येतं. सायकलच्या दुकानातून एकाच मापाचे छर्रे आणा. १०० मिलिलिटरचं मोजपात्र भरायला जवळपास अर्धा किलो लागतात. आधी साबणाने ग्रीस धुऊन काढा, नाहीतर पाणी छर्ऱ्यांना नीट भिजवत नाही, बुडबुडे अडकतात आणि आकडा कमी येतो. छर्रे पात्रात ओतून टिचक्या मारा, १०० च्या खुणेपर्यंत आणा, मग कडेने हळूहळू मोजून पाणी ओता. खुणेपर्यंत यायला ३८ ते ४० मिलिलिटर लागेल. तेवढी झाली छर्ऱ्यांमधली पोकळी. पात्र रुंद असेल तर हा आकडा ३६ कडे सरकतो, कारण काचेच्या भिंतीला लागून छर्रे नीट बसत नाहीत आणि अरुंद पात्रात भिंतीचा वाटा जास्त. दोन मापांचे छर्रे मिसळले तर प्रयोग फसलाच: बारीक छर्रे मोठ्यांच्या फटीत जाऊन बसतात.

आता तेच छर्रे किराणा दुकानातल्या संत्र्यांसारखे थरावर थर, खळगीत खळगी रचले तर पोकळी २६ टक्क्यांवर येते. एकसारखे गोळे याहून दाट रचताच येत नाहीत, हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ मध्ये म्हटलं आणि गणितज्ञ टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये त्याची सिद्धता मांडली. रचलेला ढीग ७४ टक्के भरीव, ओतलेला ६४ टक्के. पहिला स्फटिकाचा नमुना, दुसरा द्रवाचा. शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी १९५९ च्या सुमारास द्रवाचं कोडं असंच हाताळलं. गोळे आणि काड्यांचा नमुना जोडताना त्यांना त्यात कसलीही शिस्त नको होती, म्हणून ते मुद्दाम आपल्या ऑफिसात बसत. दर पाच मिनिटांनी कोणी ना कोणी येई आणि आधी काय जोडलं ते विसरायला होई! अशा बेशिस्त रचनेत कुठे एखाद्या गोळ्याला बारा शेजारी, तर कुठे नऊच. पाच-पाच गोळ्यांची कडी तयार होते, आणि पंचकोनांनी जागा सलग भरत नाही, म्हणून तिथे स्फटिक वाढूच शकत नाही. जिथे शेजारी कमी तिथे रेणू सरकतो, त्याच्या जागी दुसरा येतो. द्रव वाहतो तो असा. एकेक रेणू पार निघून जाईल इतकी मोकळीक त्यात कुठेच नसते. म्हणूनच द्रव दाबून दाबला जात नाही.

खरी उडी द्रव ते वायू. एक लिटर पाण्याची १०० अंशांना सुमारे १,६७० लिटर वाफ होते. म्हणजे रेणू एकमेकांपासून जवळपास बारा पट लांब जातात (१,६७० चं घनमूळ). घरच्या गॅसचा द्रव सुमारे २५० पट पसरतो. १४.२ किलोच्या सिलिंडरची पाण्याची धारणक्षमता ३३.३ लिटर असते. त्यात द्रव भरतात साधारण २६ लिटर. वरचा पाचवा हिस्सा द्रवाला फुगायला मोकळा, तिथे फक्त वाफ. मापात मारलं असं कोणाला वाटेल, पण ही जागा नसेल तर सिलिंडर बॉम्ब होतो. हा द्रव दर अंशाला ०.२ ते ०.२५ टक्के फुगतो, पेट्रोलच्या दुपटीहून जास्त. उन्हात सिलिंडर ३० अंशांनी तापला तर २६ चे २८ लिटर होतात. जागा आहे, काही बिघडत नाही. काठोकाठ भरलेला असता तर द्रवाला दबायला वाव नाही, आणि दर अंशाला दाब कित्येक वातावरणांनी (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) चढला असता. सिलिंडरची चाचणी होते दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो दाबावर. ती हद्द थोड्याच अंशांत ओलांडली असती.

द्रवाचा थेंब शिल्लक आहे तोवर सिलिंडरचा दाब ठरतो तापमानावर, किती गॅस उरला यावर नाही. २५ अंशांना पाचेक वातावरणं, ४५ ला नऊच्या आसपास. (घरचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. त्यातला प्रोपेन आधी उडून जातो, म्हणून शेवटी दाब थोडा उतरतो, तो भाग वेगळा.) हिवाळ्यातल्या भरीत पार्टीत वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात, पण फोडणी सिलिंडरवर. थंडीत, त्यातही तळाला थोडा द्रव उरलेला असताना, वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता द्रव स्वतःतूनच देतो, आणखी गार पडतो आणि ज्योत बसते. मग कोणीतरी सिलिंडर आडवा करतो. हे अजिबात करू नये. व्हॉल्व्ह वरच्या वाफेसाठी बसवलेला आहे. आडव्या सिलिंडरमधून रेग्युलेटरमध्ये द्रव शिरतो, पुढे जाऊन २५० पट होतो आणि शेगडीवर भडका उडतो. सिलिंडर हलवून अंदाज घेणंही फोल.

उरलेला गॅस ओळखायचा तर शेगडी अर्धा तास चालल्यावर सिलिंडरवर ओल्या फडक्याचा उभा पट्टा ओढा. द्रवाच्या पातळीखाली पत्रा गार असतो, तिथली ओल उशिरा वाळते. सीमेवर खडूने रेघ मारा. मे महिन्यात मात्र कोरड्या हवेत सगळा पट्टा क्षणात वाळतो, तेव्हा वजनकाटाच बरा. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. तिथे १५.३ लिहिलं असेल आणि काटा १८.१ दाखवत असेल, तर आत २.८ किलो आहे.