पार्श्वभूमी : जखमी पायाच्या आधारातून घडलेली खुर्ची

निमुळते पाय, कमी उंचीची बैठक, कोरीवकामाला फाटा आणि लाकडाचा उघडा पोत. साधारण 1945 ते 1965 या काळातलं हे मिड-सेंच्युरी मॉडर्न फर्निचर आज 'लूक' म्हणून विकलं जातं. माझ्या मते त्याचं रूप कागदावर कमी आणि कारखान्यात जास्त ठरलं. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याच्या खुर्च्या पाहिल्या की हे पटतं.

1940 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घरगुती फर्निचरची स्पर्धा जाहीर केली. तीत चार्ल्स ईम्स आणि त्यांचे वास्तुकार मित्र एरो सारिनेन यांनी बाजी मारली. बैठक आणि पाठ प्लायवुडच्या एकाच सलग कवचात बसवायची, ही त्यांची कल्पना. पण प्लायवुड एका दिशेने मुकाट वाकतं. एकाच वेळी दोन दिशांना वाकवलं की तडकतं. शेवटी तडे झाकायला त्या कवचांवर गादी-कापड चढवावं लागलं.

1941 मध्ये लग्न करून चार्ल्स आणि रे लॉस एंजेलिसला आले आणि राहत्या फ्लॅटमध्येच त्यांनी एक यंत्र जुळवलं. 'कझाम' हे त्याचं नाव. विजेच्या तारांनी तापणारा प्लास्टरचा साचा, त्यावर गोंद लावलेले पातळ लाकडी थर आणि ते साच्यावर दाबून धरणारा रबरी पडदा. हा पडदा सायकलच्या पंपाने फुगवायचा!

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. जखमी पायाला आधार म्हणून बांधायचे धातूचे स्प्लिंट स्ट्रेचरवर थरथरत आणि जखम आणखी चिघळे. ईम्स दांपत्याने पायाच्या आकाराचा प्लायवुडचा स्प्लिंट बनवला. त्याला जागोजागी खाचा आणि भोकं आहेत. त्यांतून पट्ट्या ओवता येत, शिवाय वाकवताना लाकडावर येणारा ताणही तिथे मोकळा होई. अमेरिकी नौदलासाठी असे सुमारे दीड लाख स्प्लिंट तयार झाले. नाजूक वळणं हजारोंच्या संख्येने, एकसारखी कशी काढायची, हे तिथे हाताला बसलं.

1946 मध्ये लोकांपुढे आलेल्या खुर्चीत सलग कवचाचा हट्ट सुटला होता. बैठक वेगळी, पाठ वेगळी, मध्ये लाकडी किंवा लोखंडी सांगाडा आणि जोडावर रबराच्या चकत्या. मागे रेललं की पाठ किंचित लवते. वर गादी नाही, कारण झाकायला तडाच उरला नव्हता. मला ही खुर्ची त्या काळातली सर्वांत प्रामाणिक वस्तू वाटते. पुढे तिचं उत्पादन मिशिगनमधल्या हर्मन मिलर कंपनीकडे गेलं.

सलग कवच अखेर 1950 मध्ये साधलं, तेही फायबरग्लासमध्ये. युद्धात विमानांच्या रडारची आवरणं याच मालाची होत. स्वस्त खुर्ची घराघरांत पोचावी, हा हेतू त्यात उघड होता. 1956 ची चामड्याची लाउंज चेअर मात्र श्रीमंतांचीच राहिली, जरी तिचं रोझवूडचं कवच त्याच दाबतंत्राने वाकवलेलं होतं.

भारत सरकारच्या निमंत्रणावरून हेच दोघे इथे आले. 1958 च्या त्यांच्या अहवालात त्यांनी आपल्या लोट्याची मनापासून तारीफ केली. त्या अहवालाच्या आधारे 1961 मध्ये अहमदाबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन उभी राहिली.